कोणी, कोणाला, केव्हा? : शाळेतील चित्रपट मंडळाचे काम

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसे ठार मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षेवर पोट भरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे ही अफवा मोबाईलवरून आधीच पसरली होती, आणि जमावाने या परक्यांनाच ती टोळी ठरविले.

त्या वर्षी अशा अफवांबरोबर एक चित्रफीत देशभर फिरत होती. दोघेजण मोटारसायकलवरून येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात. वस्तुतः तो कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी काढलेला छोटा बोधपट होता. मूळ पटात तेच दोघे मागे फिरतात, मूल सुखरूप सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापला, आणि बोधपटाची अफवा झाली.

चित्रपटाचा सारा व्यवहार या कात्रीवर चालतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच चेहरा घेतला आणि तो एकदा सुपाच्या बशीला, एकदा शवपेटीला जोडून दाखविला. बशी पाहिलेल्यांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, शवपेटी पाहिलेल्यांना शोक दिसला. चेहरा तोच, अर्थ जोडणीतून आला.

आपल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कित्येक दिवसांचे ते वाढणे पडद्यावर क्षणांत उरकते. मधला काळ त्यांनीही गाळलाच. पण तो डोळ्यांना न दिसणारे सत्य दाखविण्यासाठी. तेव्हा मुलाला कात्रीची भीती घालून भागणार नाही. ती कोठे लागली आणि कशासाठी लागली, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

पुण्याला ही विद्या परकी नाही. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये येथे आली. तिच्याच आवारात 1960 मध्ये चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली, आणि 1964 मध्ये चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय निघाले. चित्रपट कसा पाहावा हे शिकविणारे रसास्वादाचे वर्गही येथे वर्षानुवर्षे भरत आले. परंतु ते मोठ्यांसाठी. सातवीतले मूल मात्र घराच्या कोपऱ्यात एकटेच मोबाईल पाहत बसते. त्याच्याबरोबर पाहणारा आणि त्याला विचारणारा कोणी नसतो.

हे काम शाळेतील चित्रपट मंडळाने करावे. आठवड्यातून एक तास, वीस-पंचवीस मुले, दहा मिनिटांचा एखादा लघुपट. तो प्रथम सलग पाहावा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा, म्हणजे संगीताने आपल्याला कोठे रडविले ते उमगते. तिसऱ्यांदा थांबत थांबत पाहावा आणि मराठीच्या परीक्षेतला आपला जुनाच प्रश्न चित्राला लावावा : कोणी, कोणाला, केव्हा म्हटले? हे कोणी टिपले? कोणासाठी? केव्हाचे आहे? याच्या आधी काय झाले, नंतर काय झाले? पुस्तकातल्या वाक्याला जो संदर्भ आपण मागतो, तो चित्राला का मागू नये?

मग मुलांच्या हाती कात्री द्यावी. मधल्या सुट्टीचे चित्रण त्यांनी एकदाच करावे आणि दोनदा जोडावे. एका जोडणीत शाळा शिस्तीची दिसावी, दुसरीत तेथे दंगा चालला आहे असे वाटावे. ज्याने स्वतःच्या हाताने असे एकदा केले, तो पुढे सहजासहजी फसत नाही.

याची गरज आम्ही अनुभवाने शिकलो. एका कारखान्याच्या गेटसभेत अचानक पाऊस आला आणि कामगार आडोशाला धावले. तेवढेच धावणे कोणीतरी टिपले आणि ‘कामगारांचा धुडगूस’ म्हणून फिरविले. आमच्याच सभासदांच्या घरांतून आम्हांस जाब विचारला गेला. आणि खरे सांगायचे तर आमचेही हात अगदी स्वच्छ नाहीत. सभेचे छायाचित्र छापायला देताना आम्हीही गर्दीचीच बाजू निवडतो. म्हणून युनियनच्या अभ्यासवर्गात आता आम्ही हा प्रश्न आमच्याच छायाचित्रांनाही लावतो.

अशाने मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, अशी शंका काही शिक्षक घेतात. ती रास्त आहे. सगळेच खोटे मानणाऱ्याला फसविणे तितकेच सोपे असते. त्याच्यापुढे खरा पुरावा ठेवला तरी तो मान हलवून निघून जातो. म्हणून मंडळाने मुलांना उत्तम चित्रपटही पोटभर दाखवावेत. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) दाखवावा. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळविणारी ‘श्यामची आई’ (1953) दाखवावी. चांगल्या कामाची गोडी लागली, की भेसळ जिभेला कळते.

खर्च म्हणाल तर एक मोबाईल, एक पडदा आणि तासभर थांबायला तयार असलेला शिक्षक, एवढाच. केरळातील कन्नूर जिल्ह्यात 2018 च्या सुमारास सुमारे 150 सरकारी शाळांतून खोटे संदेश ओळखण्याचे धडे दिले गेले. तेथील सरकारी शाळांना जे जमले, ते चित्रपटाच्या या शहराला का जमू नये?

राईनपाड्याच्या बाजारात ‘हे कोणी सांगितले, केव्हाचे आहे?’ असे मोठ्याने विचारणारे दहाजण असते, तर ती पाच माणसे वाचलीच असती, असे आम्ही म्हणत नाही. पण असे दहाजण आयत्या वेळी बाजारात सापडत नाहीत. ते शाळेतच घडवावे लागतात. आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना भेटून शनिवारचा एक तास मागणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. तेवढे आपण करावे, ही विनंती.