बारसें न झालेलीं भूछत्रें

आषाढाचे शेवटचे दिवस होते. चार दिवस पावसाची संततधार लागून राहिली होती. पांचव्या दिवशीं जरा उघडीप पडतांच आमचा पुतण्या परसांत जाऊन आला. त्याच्या हातांत एक पांढरेंशुभ्र, तळहाताएवढें भूछत्र होतें. तें स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं येतांच मातोश्रींनीं आज्ञा सोडली, "ती कुत्र्याची छत्री घरांत आणूं नकोस, आधीं टाकून ये आणि हात धू." धाकट्या वहिनींचें म्हणणें असें पडलें कीं, बाजारांत डब्यांतून विकत मिळतात तीं अळंबीं हींच असावीं, मग एक दिवस भाजी करून पाहण्यास काय हरकत आहे? पुतण्यानें तोंवर मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्यावरून नांवहि शोधलें होतें. मात्र वरून घेतलेल्या छायाचित्रावरून एक नांव निघालें, आणि खालून घेतलेल्यावरून दुसरेंच. अखेर तो माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, याचें खरें नांव काय?"

मला तें सांगतां आलें नाहीं. मीं पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविलें आहे. तरीहि तें एक भूछत्र हातांत घेऊन त्याचें नांव ठामपणें सांगण्याचें धाडस मला झालें नाहीं. मातोश्रींची सावधगिरी, वहिनींचें कुतूहल व मुलाचा प्रश्न या तिहींपैकीं एकहि गोष्ट अनाठायीं नव्हती. या तिहींचा मेळ शास्त्रांत कसा घातला जातो, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना अभक्ष्य म्हणून सांगितलेल्या पदार्थांत लसूण व कांदा यांच्या पंक्तीस कवकहि बसविलेलें आहे. पहिल्या दोघांचा आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हांच प्रवेश झाला; तिसरें मात्र पुष्कळ घरीं अजून उंबरठ्याबाहेर तिष्ठत आहे. या निषेधाच्या धार्मिक बाजूचा विचार येथें कर्तव्य नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. स्मृतिकारांनीं 'कवक' या एका शब्दांत ज्यांची बोळवण केली, तो समुदाय अफाट आहे. सर्व प्रकारच्या कवकांच्या, म्हणजे भूछत्रांपासून भाकरीवरील बुरशीपर्यंतच्या, सुमारें दीड लाख जातींचें शास्त्रीय नामकरण आजवर झालें आहे. आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें पृथ्वीवर एकंदर २२ लाखांपासून ३८ लाखांपर्यंत जाती असाव्यात. म्हणजे दर शंभरांतील नव्वदांहून अधिकांचें अद्यापि बारसेंच झालेलें नाहीं! त्यांतील फार मोठा भाग उष्ण कटिबंधांतील अरण्यांत दडलेला आहे.

असें कां व्हावें? ज्यास आपण भूछत्र म्हणतों तें मूळ जीवाचें केवळ फळ होय. आंब्याचें सबंध झाड जमिनींत गाडलेलें असून फक्त आंबेच चार दिवस वर दिसावे, तसा हा प्रकार आहे. मूळ कवक म्हणजे केसाहूनहि बारीक अशा तंतूंचें जाळें. तें माती, पालापाचोळा व कुजकें लाकूड यांत वर्षानुवर्षें पसरत असतें. अनुकूल पाऊस पडला म्हणजे त्यांतून छत्री वर येते, आपले बीजाणु वाऱ्यावर सोडते व नाहींशी होते. उष्ण व दमट हवेंत तर ती एकदोन दिवसांतच किड्यांच्या मुखीं पडते किंवा कुजून जाते. तेवढ्या अवधींत जाणता मनुष्य त्या जागीं पोंचला तरच तिची नोंद होणार. शिवाय पूर्वींच्या काळीं भूछत्रांचे ग्रंथ युरोपांत लिहिले गेले. त्यामुळें उष्ण देशांतील एखादें भूछत्र तिकडील एखाद्यासारखें दिसलें कीं त्यास तेंच नांव चिकटविण्याची वहिवाट पडली. दोन माणसांचे चेहरे सारखे दिसले म्हणून तीं एकाच घरचीं ठरत नाहींत, हें ध्यानांत येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

यासंबंधीं ब्राझिल देशांत घडलेली एक हकीकत मोठी मनोरंजक आहे. जॉर्ज गार्डनर हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८३६ पासून १८४१ पर्यंत त्या देशांत हिंडत होता. १८३९ च्या डिसेंबर महिन्यांत, गोयास प्रांतांतील नातिविदादे या गांवीं, एका काळोख्या रात्रीं कांहीं मुलें रस्त्यांत एका चकाकणाऱ्या वस्तूशीं खेळत असलेलीं त्याला दिसलीं. प्रथम त्याला तो मोठा काजवा वाटला. जवळ जाऊन पाहतो तों तें एक भूछत्र! त्यांतून फिकट हिरवा प्रकाश निघत होता. एका खुज्या ताडजातीय झाडाच्या कुजक्या झावळ्यांवर तें उगवतें आणि लोक त्यास 'नारळाचें फूल' म्हणतात, असें त्याला समजलें. त्यानें नमुने गोळा करून इंग्लंडला धाडले, आणि माइल्स बर्कली या धर्मोपदेशक शास्त्रज्ञानें १८४० सालीं शोधकाच्या सन्मानार्थ त्याचें नांव 'अगॅरिकस गार्डनेरी' असें ठेविलें. हाच गार्डनर पुढें सिलोनमधील पेरादेनिया येथील वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक झाला.

नंतर मात्र हें भूछत्र शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड झालें. खेड्यांतील मुलांना तें दर वर्षीं दिसत होतें. पण शास्त्राच्या दप्तरीं तें जवळजवळ १७० वर्षें नुसतें नांवापुरतें उरलें. अलीकडे ब्राझिलमध्यें त्याचे नमुने पुनः हातीं आले. ते सूक्ष्मदर्शकाखालीं व जनुकद्रव्याच्या साहाय्यानें तपासण्यांत आले. आणि २०११ सालीं मारिना कापेलारी, डेनिस डेजार्डिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यास 'निओनोथोपॅनस' या योग्य घराण्यांत बसविलें. बर्कलीनें दिलेलें 'गार्डनेरी' हें नांव मात्र कायम राहिलें. पुढें २०१५ सालीं असेंहि दिसून आलें कीं, या भूछत्राचा प्रकाश त्याच्या अंगच्या एका आंतरिक घड्याळानुसार रात्रीं वाढतो व दिवसा मंदावतो. रात्रींचा प्रकाश किड्यांना आकर्षून घेतो आणि ते बीजाणूंच्या प्रसारास मदत करीत असावेत, असा तर्क आहे.

आतां नव्या जातीचें बारसें कसें होतें तें पाहूं. पहिलें काम अरण्यांतलें. भूछत्र वरच्यावर खुडून चालत नाहीं. तें सुरीनें मुळासकट उकरून काढावें लागतें, कारण देठाच्या बुडाशीं पिशवी आहे कीं नाहीं यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. टोपीचा रंग, खालच्या पात्या देठाला कशा जोडल्या आहेत, देठावर कडें आहे काय, कापल्यावर रंग पालटतो काय, वास कसा येतो, तें मातींत उगवलें कीं लाकडावर, शेजारीं कोणतें झाड होतें, हें सारें तिथल्या तिथें लिहून ठेवावें लागतें. कारण वाळल्यावर रंग व वास दोन्ही जातात. दुसरें काम बीजाणूंचा ठसा घेण्याचें. टोपी देठापासून कापून, पात्यांची बाजू खालीं करून, कागदावर रात्रभर झांकून ठेविली म्हणजे सकाळीं कागदावर लाखों बीजाणूंची नाजूक रांगोळी उमटते. तिचा रंग पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा यांपैकीं कोणता, यावरून घराण्याचा बराच उलगडा होतो.

मग नमुना मंद आंचेवर वाळवितात आणि त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बीजाणूंची लांबीरुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. आयोडीनयुक्त द्रावणांत ते निळेकाळे होतात काय तें तपासतात. त्यानंतर जनुकद्रव्याचा एक ठराविक तुकडा वाचून त्याची ज्ञात जातींशीं तुलना करतात. हा तुकडा कवकांची ओळखखूण म्हणून २०१२ सालीं सुचविण्यांत आला. इतकें करून जाति खरोखरच नवी ठरली, तर तिचें वर्णन प्रसिद्ध करावयाचें. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत तें लॅटिन भाषेंतच द्यावें लागत असे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीहि चालूं लागली. नांव दोन पदांचें असतें, आपलें आडनांव व नांव असावें तसें. फक्त येथें आडनांव आधीं. नव्या नांवाची नोंद ठरलेल्या नोंदवहींत करून क्रमांक घ्यावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यावरून वर्णन केलें तो आदर्श नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहालयांत कायमचा जपून ठेवावा लागतो. शंभर वर्षांनीं कोणास शंका आली, तरी त्यानें येऊन ती पुडी उघडावी व खात्री करून घ्यावी.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें एखादा व्यवहारी वाचक विचारील. त्याला चीनच्या युनान प्रांताची गोष्ट सांगावीशी वाटते. त्या प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत दर वर्षीं पावसाळ्यांत धडधाकट माणसें अकस्मात् मरत. कोणाला घेरी येई, छातींत धडधडे, आणि कांहीं तासांत हृदयक्रिया बंद पडे. कधीं एकाच घरांतील दोनतीन माणसें जात. सुमारें तीस वर्षांत या रीतीनें ४०० च्या आसपास माणसें दगावलीं असें सांगतात. रोग म्हणावा तर जंतु सांपडेना. अखेर चिनी वैद्यांच्या पथकानें गांवोगांव हिंडून चौकशी केली, तेव्हां धागा एका लहानशा भूछत्राशीं जाऊन मिळाला. गांवकरी त्यास 'लहान पांढरें' म्हणत. येथील लोक पावसाळ्यांत अरण्यांतून भूछत्रें गोळा करून विकत आणि त्यावर चार पैसे मिळवीत. हें मात्र चिमुकलें, खुडल्यावर लौकरच काळवंडणारें. त्यास बाजारांत गिऱ्हाईक नसे. तेव्हां चांगला माल विकून, जें विकलें जात नाहीं तें घरच्या कढईंत पडे! गरिबाच्या संसारांतील ही काटकसरच त्याच्या जिवावर उठली.

शास्त्रज्ञ पाहतात तों या भूछत्राला नांवच नव्हतें. जातीनें तें सर्वस्वी नवें होतें. तें 'ट्रोगिया' या, मुख्यतः उष्ण प्रदेशांत आढळणाऱ्या, घराण्यांतील निघालें. २०१२ सालीं यांग झुलियांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'ट्रोगिया व्हेनेनाटा', म्हणजे विषारी ट्रोगिया, असें त्याचें नांव ठेविलें; त्यांतील विषारी द्रव्येंहि वेगळीं काढण्यांत आलीं. 'हें खाऊं नका' असें खेडोपाडीं चित्रें दाखवून सांगण्यांत येतांच त्या अकाली मृत्यूंना आळा बसला. ज्यास नांव नाहीं त्यापासून सावध तरी कसें करावें? नांव ठेवणें हें नुसतें पंडितांचें कौतुक नव्हे, हें यावरून दिसून येईल.

याची दुसरी, आनंदाची बाजूहि आहे. आपल्या कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत वारुळांवर अळंबीं उगवतात व लोक तीं आवडीनें खातात. वाळवीच पोटांत, जमिनीखालीं, या कवकाची बाग राखते. त्या बागेंतून लांब मुळासारखा देठ वर येतो. या घराण्यास रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं 'टर्मिटोमायसेस' असें नांव दिलें. आफ्रिकेंतील झांबिया देशांत याच घराण्यांतील एक भूछत्र मीटरभर रुंदीची टोपी धारण करतें. एवढा अवाढव्य जीव, तेथील लोकांच्या नित्याच्या खाण्यांतला, तरी त्याचें शास्त्रीय बारसें झालें १९८० सालीं! शास्त्राच्या आधीं लोकांना पुष्कळ ठाऊक असतें. मात्र तें ज्ञान त्या त्या गांवापुरतें, त्या त्या जातीपुरतें खरें असतें. तें दुसरीकडे नेऊन चालत नाहीं.

गृहिणींसाठीं येथें चार शब्द सांगणें अवश्य वाटतें. चांदीचा चमचा काळा पडला नाहीं म्हणजे भूछत्र निर्धोक, किड्यांनीं खाल्लेलें माणसालाहि चालतें, उकळून पाणी टाकलें कीं विष जातें, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. कांहीं अतिविषारी भूछत्रांचें विष शिजवून नाहींसें होत नाहीं, आणि त्याचीं लक्षणें सहा ते बारा तासांनीं किंवा त्याहूनहि उशिरां दिसूं लागतात. तोंवर यकृताची हानि सुरू झालेली असते. चुकून कोणाच्या पोटांत गेलेंच, तर लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें व उरलेला तुकडा कागदांत गुंडाळून बरोबर न्यावा.

आतां आमच्या परसांतील पाहुण्याकडे वळूं. त्या रात्रीं मीं व पुतण्यानें मिळून त्याची टोपी कागदावर ठेवून वर वाडगा पालथा घातला. सकाळीं वाडगा उचलला तों कागदावर मळकट हिरवा ठसा उमटलेला! वरच्या रंगानें भल्याभल्यांना चकविणारी ती छत्री, पण तिची ही हिरवी सही फारच थोड्या भूछत्रांजवळ असते. ती होती 'क्लोरोफायलम मोलिब्डायटीस'. तिचें प्रथम वर्णन १८१८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील गियाना प्रदेशावरून झालें. उष्ण देशांत गवताळ जागीं ती सर्वत्र उगवते, आणि खाल्ल्यास जोराच्या वांत्या व जुलाब होतात.

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत; त्यांनीं तो कागद मात्र पुष्कळ वेळ न्याहाळला. मातोश्रींनीं "मी म्हटलें नव्हतें?" एवढेंच विचारलें. पुतण्यानें ठशाखालीं तारीख, जागा व नांव लिहून तो वहींत चिकटविला, आणि पावसाची पुढची उघडीप पडतांच वही घेऊन तो पुनः परसांत गेला. या खेपेस त्याच्या हातीं उकरण्यासाठीं एक जुनी सुरीहि होती. ती मातोश्रींनींच त्याला काढून दिली होती. आल्यावर हात धुण्याची आज्ञा मात्र कायम होती.