वायर ओढणाऱ्यांनी आता नेटवर्क शिकावे

ऑगस्ट १९४१ मध्ये बाबासाहेब सिन्नरच्या परिषदेला आले, ते महार वतनाच्या जमिनींवर सरकारने लादलेल्या वाढीव कराविरुद्ध आवाज उठवण्यासाठी. त्या वतनातले एक काम म्हणजे सरकारी निरोप आणि टपाल गावोगाव पोचवणे. पळायचे आमच्या माणसाने, पण आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. शिक्षणच नाकारलेले होते. १९५८ च्या कायद्याने हे वतन गेले.

आज त्याच सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव औद्योगिक वसाहतींत आमची पोरे रोजंदारीवर नेटवर्कची केबल ओढताना आम्ही पाहतो. शिडीवर चढायचे, पाईपातून वायर न्यायची. संध्याकाळी इंजिनिअर येतो, लॅपटॉप जोडतो, चार आकडे भरतो आणि मोठ्या पगाराचा धनी होतो. ते चार आकडे काय आहेत, हे आमच्या पोराने का विचारू नये?

आम्ही पेशाने वकील, तेव्हा कोर्टाच्याच भाषेत सांगतो. समन्सवर पत्ता असतो, बेलिफ ते बजावतो आणि बजावल्याचा अहवाल देतो. संगणकाचा निरोपही असाच जातो. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हाच आयपी पत्ता : ० ते २५५ मधले चार आकडे. राऊटर पत्ता पाहून पुढची वाट दाखवतो. टीसीपी नावाची पद्धत प्रत्येक तुकड्याची पोच मागते, पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या आर्पानेटने ही पद्धत स्वीकारली आणि आजचे इंटरनेट तिच्यावरच उभे आहे. राऊटर आडनाव विचारत नाही. ते नोकरी देणारा विचारतो, पण तो वेगळा लेख.

सुरुवात कुठून करायची? क्लासच्या पावतीपासून नक्कीच नको. 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी दिसली तर चार पावले लांब राहा. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. तुमचा पत्ता आणि डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे तुमच्या राऊटरचा, पत्ता दिसेल. त्या गेटवेला 'पिंग' करा. उत्तर आले तर घरातली जोडणी ठीक. मग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा. तेही उत्तर देते, पण नाव टाकून साईट उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या यंत्रणेत. एवढे ज्याला उलगडले, तो निम्मा मेकॅनिक झाला.

मग केबल हातात घ्या. आमची पोरे तर ती रोज हाताळतात. आत आठ तारा, दोन-दोनचे चार पीळ. पीळ शोभेचा नाही, शेजारच्या तारांचा आणि यंत्रांचा अडथळा तो कमी करतो. म्हणून कनेक्टर बसवताना पीळ गरजेपुरताच उकला. एका ओढीत शंभर मीटरपेक्षा लांब जाऊ नका. दोन जुने संगणक एका स्विचला जोडून एकमेकांना पिंग करून पाहा. महागडे राऊटर विकत घेऊ नका : सिस्कोचे 'पॅकेट ट्रेसर' नोंदणी केल्यावर फुकट मिळते, त्यात पडद्यावरच अख्खे ऑफिस जोडता येते.

अवघड वाटेल ते सबनेटिंग. तिथे बरेच जण सोडून देतात. शून्य आणि एकचे गणित वहीवर रोज अर्धा तास करा, बोट धरून चालल्यासारखे हळूहळू येते. पुस्तके इंग्रजीत आहेत म्हणून घाबरायचे कारण नाही. शब्द इंग्रजीच ठेवा, अर्थ मात्र मराठीत लिहून काढा. सीसीएनएची परीक्षा खर्चाची आहे, ती हे सगळे हातात बसल्यावर द्यावी.

२००१ पासून एमएस-सीआयटीमुळे लाखो मुलांना संगणक वापरता आला. वापरणे झाले, आता जोडणे शिकायचे आहे. सिन्नरच्या विहारांत रविवारी वंदनेनंतर दोन तास मोकळे असतात. कुणाकडे जुना संगणक, पडून असलेला स्विच असेल, तर तिथे आणून द्यावा. केबल ओढणारी पोरे उरलेले तुकडे घेऊन येतील.