पाचक सिरपने जळजळ का थांबत नाही

छातीत जळजळतंय, घशाशी आंबट येतंय, म्हणजे अन्न पचत नाही, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. मग औषधाच्या दुकानातून पाचक सिरप येतं आणि जेवणानंतर दोन-दोन चमचे सुरू होतात. दुखणं एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असा हा प्रकार आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास गिळताना ती उघडते, एरवी मिटलेली राहते. ती नको तेव्हा सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराच्या अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही, म्हणून आग तिथे होते. तडस लागेपर्यंतचं जेवण, वाढलेलं पोट, गरोदरपण, तंबाखू, दारू, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीच्या पोकळीत सरकणं) ही झडप सैल पडण्याची नेहमीची कारणं. एन्झाइमची कमतरता त्यांत येत नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाचकरस तयार करतं.

‘सिरपने ॲसिडिटी कमी होते’ ही समजूत तर उलटी तपासून पाहायला हवी. बाटलीवरचं लेबल वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये फंगल डायस्टेस आणि पेप्सिन असतं. डायस्टेस पिष्टमय पदार्थ फोडतं; जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने बुरशीपासून ते काढण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १८९४ मध्ये मिळवलं, आणि तेव्हापासून ते औषधांच्या बाजारात आहे. पेप्सिन त्याहून जुनं. थिओडोर श्वान यांनी ते १८३६ मध्ये शोधलं. ते प्रथिनं फोडतं आणि आपलं जठर ते स्वतःच बनवतं. या दोहोंपैकी कशानेही आम्ल रेसभर कमी होत नाही.

पेप्सिनला तर काम करायला तीव्र आम्लच लागतं. पीएच २ च्या आसपास ते जोमात असतं, ५ च्या वर जवळजवळ थंडावतं. आम्ल वर चढतं तेव्हा त्याच्यासोबत पेप्सिनही चढतं आणि अन्ननलिकेच्या अस्तराला इजा करतं. अशा माणसाला बाहेरून आणखी पेप्सिन पाजण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. शिवाय याच लोकांच्या हातात दुसरीकडे अँटासिडची बाटली असते. एका औषधाने पेप्सिन द्यायचं आणि दुसऱ्याने आम्ल मारून ते निकामी करायचं, यात फक्त पैसे जातात. काही कॅप्सूलमध्ये बीटेन हायड्रोक्लोराइड असतं. ते जठरात आम्लाची भरच घालतं, तेव्हा जळजळ असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर वेळ पाळणं महत्त्वाचं. या गोळ्या जठरातले आम्ल बनवणारे पंप बंद करतात, पण खाल्ल्यावर पंप चालू होत असतानाच त्यांचा घाव बसतो. म्हणून त्या नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीने तेव्हाच्या तेव्हा आराम पडत नाही, आणि मग ‘ही गोळी मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मग एन्झाइम कोणालाच नकोत का? तसं नाही. जुनाट स्वादुपिंडदाह, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया, सिस्टिक फायब्रोसिस अशा रुग्णांना पॅनक्रियाटिनची (स्वादुपिंडातल्या एन्झाइमांची) कॅप्सूल खरोखर लागते. त्यातलं मेद पचवणारं लायपेज पीएच ४ च्या खाली नष्ट होतं, म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लरोधक आवरण असतं. ते दाणे चावायचे किंवा कुटायचे नाहीत. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची. इथे आम्ल कमी करणारी गोळी एन्झाइमच्या आड येत नाही, उलट काही रुग्णांना डॉक्टर ती मुद्दाम जोडून देतात. या रुग्णांनी जळजळ होते म्हणून कॅप्सूल परस्पर बंद करू नये.

दूध न सोसणाऱ्याला लॅक्टेजचा उपयोग होतो, पण तो गॅस आणि जुलाबांसाठी. पपईतलं पॅपेन किंवा अननसातलं ब्रोमेलेन ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजलं जातं. पण वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही दोन्ही एन्झाइम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जळजळीवर खरा उतारा रात्रीच्या सवयींत आहे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, डाव्या कुशीवर झोपणं, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो १५ ते २० सेंटिमीटर उचलणं. नुसत्या दोन उशांनी मान वाकते आणि पोटावर दाब येतो. पोटाचा घेर कमी केला तर फरक पडतोच. पुदिन्याचा अर्क झडप आणखी सैल करतो, तो टाळलेला बरा.

काही पाचक गोळ्यांत सक्रिय कोळसा असतो. तो इतर औषधं शोषून घेतो, म्हणून त्यांच्यात दोन तासांचं तरी अंतर ठेवावं. त्याने शौचाला काळी होते, आणि जठरातून रक्त जात असेल तरीही काळीच होते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच ‘गोळीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी यांसाठीही एंडोस्कोपी लागू शकते. आणि छातीतला दाब डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर सिरप घेऊन वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा.