कृपा आणि कम्म : ख्रिस्ती धर्मातील अनुग्रहाची कल्पना

ख्रिस्ती धर्मविचारात 'कृपा' किंवा 'अनुग्रह' या शब्दास विशिष्ट अर्थ आहे. मनुष्याची पात्रता नसताना, पुण्याचा मोबदला म्हणून नव्हे तर केवळ ईश्वराच्या प्रेमामुळे मिळणारी क्षमा व तारण, म्हणजे कृपा. कम्मसिद्धान्त मानणाऱ्या वाचकास ही कल्पना प्रथमदर्शनी वशिल्यासारखी वाटते. म्हणून तिचा नेमका आशय पाहणे आवश्यक आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात येशूचा एक दृष्टान्त आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवितो, दिवसभर आणखी मजूर आणतो आणि दिवस मावळण्यास तासभर उरला असताना शेवटच्यांना कामावर घेतो. संध्याकाळी सर्वांस एकेक दिनारच मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. हजेरी, पाळी व ओव्हरटाइम यांचा हिशेब ठेवणाऱ्या अंबरनाथ एमआयडीसीतील कामगारास ही कुरकुर सहज पटेल. परंतु शेवटचे मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावरच घेतले नव्हते. दृष्टान्त मजुरीचा नियम सांगत नाही. ज्यांना दारच बंद होते, त्यांच्याविषयीची ईश्वराची वृत्ती तो सांगतो. संत पौलाने हाच भेद मांडला : मजुरी हा हक्क, कृपा हे दान. पुढे पाचव्या शतकात ऑगस्टीनने व सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने या विचारावर भर दिला.

महाराष्ट्रात या कल्पनेचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीस त्या शास्त्रांतच आढळले की, स्त्री व शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही. इंग्लंडमध्ये, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे लिहिले. तारण कमवावे लागत नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी पतित मानलेल्या स्त्रियांसाठी जे आश्रयस्थान उघडले, त्याचे नाव 'कृपा सदन' होते. येथे कृपेचा अर्थ स्पष्ट होतो : जेथे धर्माने पात्रताच नाकारली होती, तेथे पात्रतेची अटच दूर झाली.

बौद्ध उत्तर वेगळे आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखविले की, तथागत मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत. अंगुलिमालाचे परिवर्तन बुद्धाच्या करुणेने घडले. पण त्याच्या कृत्यांचे फळ कोणी पुसून टाकले नाही. भिक्षू झाल्यावरही त्यास लोकांचे दगड सोसावे लागले, आणि ते सोसण्यासच तथागतांनी सांगितले. करुणा मार्ग दाखविते, चालावे स्वतःलाच लागते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र चालण्याचे बळही दान म्हणूनच मिळते. चांगले आचरण तेथे अनावश्यक नाही. ते कृपेची किंमत नसून तिचे फळ मानले जाते.

म्हणून कृपेस वशिला म्हणणे जितके चूक, तितकेच करुणेस कृपा म्हणणे चूक. वशिला ओळखीच्या माणसास मिळतो; कृपा, ख्रिस्ती समजुतीनुसार, कोणाचीच ओळख नसलेल्यास मिळते. एका विचाराने अधिकार ठरविणाऱ्या पुरोहिताच्या जागी देणारा ईश्वर ठेवला, तर दुसऱ्याने ती जागाच रिकामी करून मनुष्याच्या हाती प्रयत्न दिला. दोन्ही विचारांची कसोटी मात्र एकच : दिवसभर नाक्यावर ताटकळलेल्या शेवटच्या मजुरास आपण कसे वागवितो?