भिंतीआडची तार आणि सामाईक हिशेब

बहुमजली इमारतीत सदनिका घेणारा मध्यमवर्गीय माणूस फरशी वाजवून पाहतो, नळ सोडून पाहतो, खिडकीतून येणारा वारा आणि उजेड यांची चौकशी करतो. तळमजल्यावरच्या मीटर-खोलीपर्यंत येणारी आणि तेथून डक्टमधून वरच्या मजल्यांकडे जाणारी जाड केबल मात्र तो पाहात नाही. वस्तुतः त्याच्या घरातील प्रत्येक दिवा त्या केबलवर अवलंबून असतो. न दिसणाऱ्या वस्तूच्या दर्जाला बाजारात किंमत मिळत नाही, आणि ज्याला किंमत मिळत नाही त्यावर खर्च करण्याची प्रेरणा बांधकाम व्यावसायिकाला नसते. केबल विकत घेणारा एक आणि तिच्या भरवशावर पुढची तीस-चाळीस वर्षे राहणारा दुसरा, हीच या प्रश्नातील मूळ विसंगती आहे.

बाजार जेथे असा अपुरा पडतो तेथे नियम लागतात, आणि आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून ही परंपरा चालत आली आहे. भारतीय मानक संस्थेने १९८५ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता सिद्ध केली, तिची २०११ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद केली. संकटकाळी साऱ्या इमारतीचा पुरवठा तोडता येईल असे साधन दर्शनी जागी, जमिनीपासून १.७० मीटरपेक्षा अधिक उंचीवर नाही, असे बसवावे. विजेच्या केबलींच्या डक्टमधून अन्य नळ वा तारा नेऊ नयेत. आणि प्रत्येक मजल्याच्या छेदापाशी डक्ट अग्निरोधक अडसराने बंद करावा, असे त्यांत सांगितले होते. २०२३ मध्ये नव्या विनियमांनी त्यांची जागा घेतली, तरी दिशा तीच राहिली.

या अडसराचे महत्त्व क्षुल्लक नाही. तळापासून गच्चीपर्यंत उघडा असलेला डक्ट आगीच्या वेळी धुराड्याचे काम करतो. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, वर चढलेल्या धुराने घेतला.

केबल का तापते, याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानात आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. समजा, २४ सदनिकांच्या इमारतीची आखणी करताना प्रत्येक घराचा भार ३ किलोवॅट धरला. एकूण ७२ किलोवॅट झाले. सगळी घरे एकाच वेळी सगळी उपकरणे चालवीत नाहीत, म्हणून अभियंत्याने त्याच्या निम्मे, म्हणजे ३६ किलोवॅट, गृहीत धरून मुख्य केबल निवडली. यात त्याची चूक नव्हती. पुढे प्रत्येक घरात दीड-दीड किलोवॅटची दोन वातानुकूलन यंत्रे आली. मे महिन्यातील रात्री ती सर्वत्र एकदमच चालतात, आणि केवळ त्यांचाच भार ७२ किलोवॅट होतो. साध्या पीव्हीसी आवरणाची केबल ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्या मर्यादेपलीकडे आवरण एका रात्रीत वितळत नाही. ते वर्षानुवर्षे कडक होत, तडकत जाते, आणि त्याची वार्ता कोणालाच नसते.

या टप्प्यावर वारंवार उडणारा फ्यूज हाच खरा हितचिंतक असतो. केबल सोसू शकेल त्याहून अधिक क्षमतेचा फ्यूज तिच्यावर नसावा, हा संहितेचा गाभा आहे. तथापि रहिवासी त्रासतात, कोणीतरी वायरमन बोलावतो, तो जाड तार घालून जातो आणि सर्वांना हायसे वाटते. त्या क्षणापासून फ्यूजची भूमिका भिंतीआडच्या केबलकडे जाते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे सामाईक कुरणाचेच उदाहरण आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या मीटरचे बिल भरते. सामाईक केबलच्या झिजेचे बिल मात्र कोणाच्याच नावे निघत नाही. स्वतंत्र तारा एकाच डक्टमध्ये खेटून नेल्या असतील तर एकाच्या तारेची ऊब शेजाऱ्याच्या तारेलाही सोसावी लागते. लाभ खाजगी, झीज सामाईक, असा हा व्यवहार आहे.

केबल बदलण्याचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला की खरा वाद उपस्थित होतो. एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या निवृत्त गृहस्थाने तीन यंत्रे चालविणाऱ्या शेजाऱ्याइतकीच वर्गणी का द्यावी? हा प्रश्न कंजूषपणाचा म्हणून उडवून लावला जातो, पण तो न्यायाचा आहे. त्याचे उत्तर खर्चाचे दोन भाग करण्यात आहे. डक्टचे अडसर, पुरवठा तोडण्याचे साधन, भूयोजन यांचा लाभ प्रत्येक जिवाला सारखाच असल्याने तो खर्च सर्वांनी सारखा उचलावा. केबलची वाढीव जाडी ज्यांच्या भारामुळे लागते, त्यांनी ती मंजूर भाराच्या प्रमाणात सोसावी. असे झाले तर भार लपविण्याचा मोह होईल, हे खरे. म्हणून प्रत्येक सदनिकेच्या मंजूर भाराची नोंदवही संस्थेने ठेवावी आणि नवे मोठे उपकरण बसविण्यापूर्वी नोंद सक्तीची करावी. वाहनतळात विजेवरील मोटारी भारित होऊ लागल्याने ही नोंदवही आता अधिकच निकडीची आहे.

पैशाची सोय अगदीच नाही असेही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात जमा व्हायची असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षेच्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. त्याच निमित्ताने परवानाधारक ठेकेदाराकडून मुख्य केबलचा भार, जोडांचे तापमान आणि डक्टचे अडसर तपासून घेतले, तर वेगळा सायास पडणार नाही.

इमारतीला रंग दिला की तो रस्त्यावरून दिसतो, आणि समितीचे कौतुक होते. केबल बदलली तर काहीच दिसत नाही. फक्त एखादी दुर्घटना घडत नाही. न घडलेल्या दुर्घटनेचे श्रेय कोणाला मिळत नसते. तरीही तेवढ्यासाठी पैसे मोजण्याची तयारी ज्या संस्थेत आहे, तिच्याच नावातील ‘सहकारी’ हा शब्द सार्थ म्हणता येईल.