फी मुलांनी भरायची, मंजुरीही मुलांनीच द्यायची

प्रवेशाचे दिवस आले की कॉलेजच्या पावतीवरची शेवटची ओळ घरात सगळ्यांना पाठ होते. एकूण रक्कम किती, ती कधी भरायची, दोन हप्ते करून मिळतील का. त्या ओळीच्या वर काय काय लिहिलंय ते फारसं कोणी वाचत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ज्यांची मुलं शिकतात त्यांनी एखादी जुनी पावती काढून बघावी. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना यांच्या जोडीला 'ई-सुविधा', 'ई-चार्जेस' अशा नावांच्या छोट्या रकमाही दिसतील. काही कॉलेजांत संगणक आणि इंटरनेटचं वेगळं शुल्क असतं. एकेक रक्कम लहान असते, म्हणून कोणी विचारत नाही. पण ती हजारो मुलांकडून घेतली जाते, आणि कॉलेजच्या संगणक कक्षातल्या निम्म्या मशीन बंद का, हे विचारायची जागा मुलांना सापडत नाही.

हा पैसा कोणी ठरवायचा आणि कोणी खर्च करायचा, याचं एक वेगळं उत्तर अमेरिकेतल्या एका राज्याने दिलं आहे. त्या राज्याचं नाव वॉशिंग्टन. अमेरिकेची राजधानी असलेलं वॉशिंग्टन शहर पूर्व किनाऱ्याजवळ आहे. हे राज्य देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वायव्येला. सिअ‍ॅटल हे त्यातलं मोठं शहर. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन या कंपन्या त्याच परिसरातल्या, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच खानदानांत कोणाचा तरी भाचा किंवा जावई तिकडे असतोच.

१९९६ साल. इंटरनेट तेव्हा नुकतंच विद्यापीठांच्या भिंतीबाहेर पडत होतं. संगणक महाग होते, दोन-तीन वर्षांत जुने होत होते आणि सरकारी अनुदान त्या वेगाने वाढत नव्हतं. विद्यापीठांना मुलांकडून वेगळी 'तंत्रज्ञान फी' घ्यायची होती. राज्याच्या विधिमंडळाने परवानगी दिली, पण अटी अशा घातल्या की फीची किल्ली मुलांच्या हातात गेली.

पहिली अट म्हणजे विद्यार्थी संघटनेची लेखी संमती. ती नसेल तर विद्यापीठाच्या नियामक मंडळाला ही फी लावताच येत नाही. राज्यातल्या सर्व सरकारी विद्यापीठांना आणि ऑलिम्पिया शहरातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजला हा नियम लागू आहे. संमती मागण्याआधी मंडळाने विद्यार्थ्यांपुढे एक यादी ठेवायची : याच कामासाठी किंवा यासारख्या कामासाठी आधीच कोणकोणती शुल्कं घेतली जातात. एकाच गोष्टीचे पैसे दोन नावांनी वसूल होऊ नयेत म्हणून ही तरतूद. आपल्या पावत्यांवरची 'ई-सुविधा' आणि 'ई-चार्जेस' शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणजे तिचं मोल कळेल.

पहिल्या वर्षी पूर्णवेळ विद्यार्थ्याकडून १२० डॉलरपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्याला त्याच प्रमाणात कमी. पुढे रक्कम बदलायची असेल तर मंडळ आणि विद्यार्थी संघटना दोघांचं एकमत हवं. पैसा फक्त अशा साधनांवर खर्च व्हायचा जी सर्व विद्यार्थ्यांना वापरता येतील. म्हणजे प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवा संगणक यातून येत नाही. जमलेल्या पैशातला साडेतीन टक्के भाग गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातो. 'तंत्रज्ञान' म्हणजे काय याची यादीही कायद्यात आहे. इंटरनेट, ई-मेल, संगणक कक्ष, सॉफ्टवेअर आणि शेवटी टेलिफोनवरून जोडणी देणारी डायल-अप सेवा! आजच्या मुलांना तो कुईंऽऽ असा आवाज ऐकवला तर काही बिघडलंय असं वाटेल.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शेवटची तरतूद. विद्यार्थी संघटना दर वर्षी, साध्या बहुमताने, ही फी रद्द करू शकते. ठराव झाला की पुढच्या सत्रापासून वसुली बंद. आणि रद्द केली नाही, तरी वर्षाच्या खर्चाचा आराखडा तिच्याच मंजुरीने लागू होतो.

एकदा घेतलेली संमती कायमची समजणं ही संस्थांची जुनी खोड आहे. मशिदीच्या वजूखान्यासाठी वर्गणी गोळा होते आणि त्यातून आतला एसी येतो, हे काही मोहल्ल्यांत घडलेलं आहे. पैसे खाल्ले असं कोणी म्हणत नाही, एसीही नमाजींसाठीच असतो. पण देणाऱ्याने ज्यासाठी दिलं ते झालं नाही, ही बोच राहतेच. आपल्या फिकहमध्ये वक्फ करणाऱ्याच्या अटीला एवढं महत्त्व आहे ते याच कारणाने. ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला लागलं पाहिजे. मुतवल्ली मालक नसतो, त्याच्या हातात अमानत असते.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिअ‍ॅटल आवारात या कायद्याचं रोजचं रूप बघायला मिळतं. तिथे ही फी अनेक वर्षे दर तिमाहीला ४१ डॉलर होती. शिकणारी मुलं चाळीस हजारांच्या वर, म्हणून वर्षाला सुमारे पन्नास लाख डॉलर जमतात. ते कुठे जावेत हे एक समिती ठरवते आणि तिच्यात मत देणारे सदस्य विद्यार्थी असतात. प्राध्यापक आणि अधिकारी बैठकीला असतात, माहिती देतात, पण मतदान मुलांचं. एखाद्या विभागाला नवा मायक्रोस्कोप हवा असेल, ग्रंथालयाला संगणक बदलायचे असतील, तर त्यांनी अर्ज करायचा. किती मुलं वापरणार, किती वर्षं टिकेल, बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार, हे सांगायचं. मग विभागप्रमुखाला वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. ज्या मुलांनी आयुष्यभर फक्त उत्तरं दिली, त्यांच्यासाठी ही उलटी तोंडी परीक्षा बघण्यासारखी असते. अर्ज आणि त्यांवरचे निर्णय सगळ्यांना वाचायला खुले असतात.

या पैशातून जे उभं राहिलं त्यात संगणक कक्ष आहेत, छपाईची सोय आहे, आणि एक साधी पण फार कामाची गोष्ट आहे : साधनं उसनी देण्याची व्यवस्था. लॅपटॉप, कॅमेरा, प्रोजेक्टर. विद्यार्थ्याने नाव नोंदवून न्यायचं, काम झालं की परत करायचं, वेगळे पैसे नाहीत. ज्याच्या घरी तीन लॅपटॉप आहेत त्याला याचं काही वाटणार नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत एका मोबाईलवर तीन भावंडांचे वर्ग झालेली घरं भिवंडीत, मालेगावात, मुंब्र्यात किती होती हे आपल्याला सांगायला नको. तिथे पहिला नंबर भावाचा लागायचा आणि बहिणीची तासिका राहून जायची, हेही आपण पाहिलंय. कॉलेजने महिनाभर लॅपटॉप उसना दिला तर अशा घरातल्या मुलीचा प्रकल्प पूर्ण होतो.

आता या व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूकडे बघू. सगळ्यांना सारखी फी म्हणजे मजुराच्या मुलाला आणि कंपनीच्या मालकाच्या मुलाला एकच आकडा. साडेतीन टक्क्यांच्या मदतनिधीने तो फरक थोडा भरून येतो, पुरता येत नाही. शिवाय संगणक आणि इंटरनेट ही आज वीज-पाण्यासारखी गरज आहे. ती सरकारच्या अनुदानातून भागली पाहिजे, मुलांनी 'हो' म्हटल्यामुळे सरकारला हात झटकायला मोकळीक मिळते, असा आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो आणि मला तो रास्त वाटतो. संघटनेच्या निवडणुकीत मत द्यायला फार थोडी मुलं जातात, हेही तिकडचं जुनं दुखणं आहे. मूठभरांनी दिलेली संमती सगळ्यांची कितपत मानायची?

संमती नावापुरती कशी होते याचं उदाहरण त्याच किनाऱ्यावर खाली कॅलिफोर्नियात घडलं. तिथल्या राज्य विद्यापीठाच्या काही आवारांत २०११ नंतरच्या वर्षांत 'विद्यार्थी यश शुल्क' आलं. जादा तुकड्या, मार्गदर्शन, वायफाय, अशी कारणं होती. नियमात मतदानाची तरतूद होती, पण तिला पर्यायही होता : आवाराच्या अध्यक्षाने ठरवलं तर मतदानाऐवजी सभा घेऊन 'विचारविनिमय' करायचा. काही ठिकाणी तसंच झालं. सभेत जेवढी मुलं आली तेवढ्यांना माहिती दिली, त्यांचं मत घेतलं, आणि फी हजारोंना लागली. ओरड झाली. २०१४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अशा नव्या शुल्कांना काही काळ स्थगिती दिली, आणि त्यानंतर असं शुल्क लावायचं तर बंधनकारक मतदान घ्यावं लागेल, असा कायदा झाला. रद्द करण्याचा हक्कही मिळाला, पण शुल्क मंजूर होऊन सहा वर्षं झाल्यावर. पदवी साधारण चार-पाच वर्षांची. म्हणजे ज्यांनी 'हो' म्हटलं त्यातलं जवळपास कोणीच 'नाही' म्हणायला तिथे उरत नाही. वॉशिंग्टनचं दर वर्षीचं बहुमत आणि कॅलिफोर्नियाची सहा वर्षं, यातला फरक छोटा नाही.

विचारणं आणि विचारल्यासारखं करणं यातला फरक आपल्याला नवा नसावा. कुरआनमध्ये एका अख्ख्या सूरहचं नावच मशवऱ्यावरून आहे. सूरह अश-शूराच्या ३८व्या आयतीत ईमानवाल्यांची लक्षणं येतात, तिथे आपसातल्या मशवऱ्याचा उल्लेख नमाज कायम करणं आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणं या दोहोंच्या मधोमध आहे. उहुदच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल मदीनेत राहून लढण्याकडे होता. बाहेर पडून सामना करू, असा आग्रह धरणाऱ्यांत बद्रमध्ये जाता न आलेले तरुण सहाबा पुढे होते. त्यांचं मत मानलं गेलं. उहुदमध्ये मुसलमानांचं मोठं नुकसान झालं. आणि त्यानंतर आले-इमरानमध्ये जी आयत (१५९) आली, तिच्यात त्यांना माफ करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करत राहण्याचा हुकूम आहे. 'मुलांना काय कळतं, चुकीचं ठरवतील' असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा.

महाराष्ट्रात कॉलेजच्या मुलांना विचारायचं तर कोणाला विचारायचं, हाच प्रश्न आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. हिंसाचार हे त्याचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, पण ती कागदावरून आवारात उतरायला अडखळतेच आहे. आपल्या समाजाच्या संस्था मात्र यासाठी कोणाची वाट बघायला बांधलेल्या नाहीत. अंजुमन असो, एखादी तालुक्याची एज्युकेशन सोसायटी असो, संगणक शुल्काचा जमाखर्च सूचना फलकावर लावायला आणि पुढची खरेदी ठरवताना चार मुलं-मुली बैठकीत बसवायला कोणताही कायदा आड येत नाही.

शाळेच्या बाबतीत पालकांच्या हातात कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेच्या व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी ठरते. या समितीवर पालक कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. समितीवर यायला तयार असलेल्या पालकांचीच नावं चिठ्ठ्यांत येतात. अनेक शाळांत ही सोडत केव्हा झाली हे पालकांना कळतच नाही, आणि जिथे कळतं तिथे नावं द्यायला कोणी पुढे येत नाही. 'आपल्याला इंग्रजी येत नाही', 'मॅडम काय म्हणतील', 'मुलाला त्रास होईल' ही कारणं अम्मींच्या तोंडून नेहमी ऐकू येतात. समितीचं काम मराठीत, हिंदीत, उर्दूत होऊ शकतं. प्रस्तावात संगणकाचं शुल्क दिसलं तर विचारायचे प्रश्न सिअ‍ॅटलच्या मुलांचेच आहेत : याच कामाचे पैसे आणखी कुठल्या नावाने घेता का, गेल्या वर्षी किती जमले, त्यातून काय आलं, आणि ते मुलांच्या हाताला लागतं का. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं की पालक संघाची सभा कधी आहे, सोडत कोणत्या तारखेला आहे आणि नाव कोणाकडे द्यायचं.