जीपगाडीतील बिनतारी यंत्र

बिनतारी यंत्राचे नाव काढले की शहरातल्या माणसाला पोलिसांची गाडी आठवते, नाही तर आगीचा बंब. आपल्या खिशात टेलिफोन असताना हे जुने यंत्र हवे कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो वावगा म्हणता येणार नाही. म्हणून यंत्राकडे वळण्याआधी ज्या मुलखात त्याचे काम पडते तो मुलूख आपण पाहू.

महामार्गावरील चारोटी नाक्यापासून जव्हारच्या बाजूला वळले की लवकरच कासा लागते. जवळून सूर्या नदी वाहते, पूर्वेकडे डोंगर चढत जातात, आणि त्या डोंगरांच्या घड्यांत वारली बांधवांचे पाडे विखुरलेले आहेत. कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. अवतीभोवतीच्या पाड्यांवरचा रुग्ण प्रथम तेथे येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. अशा वेळी सारेजण एकदम टेलिफोन उचलतात आणि मनोऱ्यावरची वाट तुंबते. वीज गेली, मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या, की उरलीसुरली वाटही बंद. डोंगराआडच्या पाड्यावर तर ती वाट एरवीही कधी असते, कधी नसते. दोन गाड्यांतील बिनतारी यंत्रे मात्र मधल्या कोणत्याही मनोऱ्याची मिंधी नसतात. त्यांचे मोल नेमके येथे आहे.

ही कल्पना नवी नाही. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत बिनतारी यंत्रे बसवली. पण त्यांत नुसते ऐकता येई, उत्तर देण्यासाठी शिपायाला उतरून टेलिफोन शोधावा लागे. १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन गावी दुतर्फा बोलणारे यंत्र गाडीत आले. आपल्याकडे २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी बिनतारीवाल्यांनीच निरोपांची ने-आण केली होती. तेव्हा हे खेळणे नव्हे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आता यंत्र गाडीत बसवायचे म्हणजे काय करायचे? काम तीन भागांत पडते : वीज, एरियल आणि त्यांना जोडणारी केबल. यंत्र स्वतः तयार मिळते. यश किंवा अपयश या तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट वीज. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. पन्नास वॉटचे यंत्र बोलताना सुमारे दहा अँपिअर प्रवाह ओढते. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेला तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून यंत्रापर्यंत तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तार. तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर असेल तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट गळून जातो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर पाव व्होल्टच. इंजिन बंद असताना, बॅटरी आधीच थोडी उतरलेली असताना, हा एक व्होल्ट म्हणजे आवाज पोहोचणे आणि न पोहोचणे यांतला फरक ठरू शकतो. म्हणून तार जाड घ्यावी आणि थेट बॅटरीपासून आणावी. सिगारेट पेटवण्याच्या खोबणीतून एवढी वीज घेऊ नये.

या तारेवर फ्यूज हवा, आणि तो यंत्राजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा. कारण फ्यूज यंत्रापेक्षा तारेचे रक्षण करतो. खडकाळ वाटेवर हादरे बसून तार पत्र्याला घासली आणि तिचे वेष्टन फाटले, तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंतचा तुकडा निखाऱ्यासारखा तापतो. फ्यूज त्या तुकड्याच्या पलीकडे असेल तर त्याला याचा पत्ताच लागत नाही. पत्र्याला भोक पाडून तार न्यायची तर भोकात रबरी कडे बसवावे, आणि पेट्रोल-डिझेलच्या नळीपासून तिला दूर ठेवावे. ऋण बाजूची तार बॅटरीच्या खुंटीवर न बांधता, बॅटरीची जाड ऋण केबल सांगाड्याला जेथे जोडली आहे तेथे जोडणे बरे. ती जाड केबल कधी सैल झाली, तर इंजिन सुरू करतानाचा प्रचंड प्रवाह आपल्या बारीक तारेतून वाट काढू पाहील. ते या जोडणीने टळते.

दुसरी गोष्ट एरियल. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्ध्या मीटरची काठी एरियलला पुरते. परंतु ही काठी एकटी काम करीत नाही. तिच्याखालचा धातूचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. पाण्याशिवाय प्रतिबिंब नाही, तसे पत्र्याशिवाय हे एरियल नाही. म्हणून उत्तम जागा टपाच्या मध्यभागी. बंपरवर बसवले तर गाडीचे धूडच एका बाजूची वाट अडवते. भोकाभोवतीचा रंग आतून खरवडून बैठक उघड्या धातूला टेकली पाहिजे; रंगावर बसलेली बैठक वरून भक्कम दिसते, पण विजेच्या दृष्टीने अधांतरीच असते. कापडी टपाच्या जीपला वर पत्रा नसतो. तेथे बाजूच्या पत्र्यावर पट्टी लावावी, किंवा ज्याला खालच्या पत्र्याची गरज कमी असे अर्ध्या लहरीचे एरियल घ्यावे.

तिसरी गोष्ट केबल. नेहमीच्या बारीक को-ॲक्सियल केबलच्या पाच मीटरांत सुमारे पाचवा हिस्सा शक्ती नाहीशी होते. म्हणून ती लागेल तेवढीच ठेवावी. पन्नास ओहमचे यंत्र, पन्नासचीच केबल, पन्नासचे एरियल, असा मेळ जमला म्हणजे शक्ती बाहेर जाते. नाही तर ती परत फिरून यंत्रालाच तापवते. हा मेळ मोजणारे एक मीटर असते. त्यावर दीडपेक्षा कमी आकडा आला तर काम चांगले; दोनच्या वर गेला तर आधी जोड तपासावेत, मग काठीची लांबी. ही तपासणी बोलण्यापूर्वी करायची, नंतर नव्हे. कोकणपट्टीच्या पावसात उघडा जोड फार टिकत नाही. त्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी, आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच गळून पडेल. केबल गाडीतल्या सुरक्षा-पिशव्यांच्या वाटेत येता कामा नये. आणि बोलणे चालू असताना एरियलला कोणी हात लावू नये, त्याने चटका बसतो.

एवढे करून आवाज किती दूर जाईल? या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत चालतात. दोन मीटर उंचीच्या एरियलचे क्षितिज सहा किलोमीटरांच्या आत संपते. म्हणजे सपाट माळावर दोन जीपगाड्यांत ढोबळमानाने अकरा-बारा किलोमीटर. डोंगर आडवा आला की तेवढेही नाही. पण चारशे मीटर उंचीच्या माथ्यावर, आवाज झेलून पुढे पाठवणारे एक यंत्र ठेवले, तर त्याचे क्षितिज ऐंशी किलोमीटरांपलीकडे जाते. चारोटीजवळचा महालक्ष्मीचा सुळका सभोवारच्या गावांतून दिसतो, तो याच न्यायाने. तेव्हा शक्ती दुप्पट करण्यापेक्षा उंची मिळवणे नेहमी अधिक फायद्याचे, आणि खोलगट जागी अडकलेल्या चालकाने गाडी पन्नास पावले वर चढवून पाहणे हा पहिला उपाय.

एक गोष्ट राहिली, परवान्याची. बिनतारी यंत्र बसवून हवे तसे बोलावे, अशी मुभा कोणालाच नाही. हौशी माणसाला केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि त्यावर व्यापारी निरोप चालत नाहीत. संस्थेने वा रुग्णवाहिकेने वेगळी परवानगी घ्यायची असते. याला कोणी जाच म्हणतील. पण आकाश सर्वांचे एकच आहे. आपण भलत्या लहरीवर गप्पा मारीत बसलो, तर त्याच घटकेला कोणाची तरी मदतीची हाक बुडते.

आता दर पावसाळ्यापूर्वी फ्यूज, जोड आणि मीटरचा आकडा पाहणे, आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी एकमेकांना हाक घालणे, एवढेच उरते. संकटाच्या रात्री पहिल्यांदा हातात घेतलेले यंत्र कोणालाच नीट वापरता येत नाही. रोजच्या सवयीतले यंत्रच त्या रात्री बोलते, आणि पाड्यावरच्या बाळंतिणीसाठी रुग्णालयात दिवा लागलेला असतो.